स्क्रीन लावल्यानंतर

आमच्या वेळच्या नर्सिंगच्या वहीत मृत्यूचा धडा माणूस गेल्यानंतर सुरू व्हायचा. डोळे मिटावेत, हनुवटीखालून पट्टी घेऊन डोक्यावर बांधावी, पायांचे अंगठे एकत्र बांधावेत, नाकाकानात कापूस घालावा, दागिने उतरवून नातेवाइकांची सही घ्यावी, नावाची चिठ्ठी मनगटाला बांधावी. परीक्षेला हा प्रश्न हमखास यायचा आणि आम्ही तो घडाघडा लिहायचो. पण त्याआधीचे चार दिवस, कधी चार महिने, जो माणूस अजून श्वास घेतोय, पाणी मागतोय, ‘बाई, मी घरी कधी जाणार’ म्हणून विचारतोय, त्याच्यापाशी काय करायचं हे सांगणारं पान त्या वहीत नव्हतं. ‘रुग्णास धीर द्यावा’ एवढी एक ओळ होती.

सत्तरच्या दशकाच्या शेवटी मी एका जिल्हा रुग्णालयात जीएनएम हा नर्सिंगचा अभ्यासक्रम शिकत होते. आता निवृत्तीनंतर आशाताईंच्या, नर्सिंगच्या मुलींच्या, वृद्धाश्रमात काम करणाऱ्या मावशींच्या प्रशिक्षणात शिकवायला जाते. विषय एकच, बरा न होणारा आजार झालेल्या माणसाची शेवटच्या काळातली शुश्रूषा. शिकवायला उभी राहिले की ते जुने वॉर्ड डोळ्यांपुढे येतात, आणि त्यांच्याबरोबर काही माणसं येतात, ज्यांना आज या वर्गात समोर बसवायला नाही, तर फळ्यापाशी उभं करायला मला आवडलं असतं.

बायकांचा मेडिकल वॉर्ड लांबच लांब, दोन्ही बाजूंना लोखंडी खाटा, मधोमध सिस्टरचं टेबल. स्पिरिटचा आणि फिनेलचा वास. कोपऱ्यात चाकांचा, हिरव्या कापडाचा घडीचा स्क्रीन उभा असायचा. तो ओढत नेऊन एखाद्या खाटेभोवती लावला की अख्ख्या वॉर्डाला कळायचं. शेजारच्या खाटेवरची बाई कूस बदलून पलीकडे तोंड करायची. सकाळचा राउंड त्या खाटेपाशी आला की डॉक्टर केसपेपर बघायचे, ‘चालू ठेवा’ म्हणायचे आणि पुढे सरकायचे. त्यात दुष्टपणा नव्हता. त्यांनाही कुणी शिकवलेलं नव्हतं. माणूस बरा करायचा, एवढंच त्यांना शिकवलं गेलं होतं, आणि जो बरा होणार नाही त्याच्यापाशी उभं राहून बोलायचं काय, हे त्यांना खरोखरच ठाऊक नव्हतं.

स्क्रीनच्या आत जायची ती आया. पगाराच्या कागदावर अंगठा उठवणारी, पदर खोचलेली, पन्नाशीची बाई. ती बशीत पाणी घेऊन बसायची. बोटाला स्वच्छ फडकं गुंडाळायची, ओलं करायची आणि म्हातारीच्या हिरड्यांवरून, गालाच्या आतून, जिभेवरून हलकेच फिरवायची. ओठांना खोबरेल लावायची. तोंडात चमच्याने पाणी ओतू पाहणाऱ्या नातवंडाचा हात धरून म्हणायची, ‘नको रे बाळा, ठसका लागंल. असं ओलं कर नुसतं.’ घशात घरघर सुरू झाली की आम्ही विद्यार्थिनी सक्शन मशीन शोधायला धावायचो. ती आधी बाईला कुशीवर वळवायची, पाठीशी उशी लावायची, आणि बऱ्याचदा घरघर तिथंच कमी व्हायची. मग पावलं चाचपायची, नखं बघायची आणि बाहेर पायरीवर बसलेल्या मुलाला सांगायची, ‘दादा, थोरल्या बहिणीला बोलवून घे. उद्यावर नको ठेवूस.’ आमच्या ट्यूटर बाईंनी बँडेज बांधायचे सगळे प्रकार शिकवले आणि मन लावून शिकवले, पण हे आम्ही त्या आयाकडून पाहिलं. आपण काही शिकवतो आहोत हे तिला माहीतही नव्हतं.

तिला हे कुठून आलं होतं? घरून. तिनं आजेसासूचं केलं होतं, सासूचं केलं होतं, आळीतल्या दोघीतिघींचं केलं होतं. तेव्हा प्रत्येक आळीत, वाड्यात, चाळीच्या मजल्यावर अशी एखादी बाई असायची. बाळंतपणाला जिला हाक जायची तिलाच अनेकदा याही वेळी हाक जायची. कुणाचं आता फार दिवसांचं नाही असं कळलं की ती संध्याकाळची येऊन उशापाशी बसायची. घरच्या सुनेला चार तास झोपायला पाठवायची. देवघरातलं गंगाजल आणि तुळशीचं पान हाताशी ठेवायची, पण घाई करायची नाही. भुईवर कधी घ्यायचं हे तिच्याकडे बघून ठरायचं. माळकऱ्यांच्या घरी कुणीतरी हरिपाठ म्हणत असायचं आणि मुलं तिथंच, त्याच खोलीत, अभ्यास करत नाहीतर पेंगत बसलेली असायची. आमच्या तुकडीतल्या बहुतेक मुलींनी अठराव्या वर्षापर्यंत आजीचं किंवा आजोबांचं जाणं डोळ्यांनी पाहिलं होतं. वॉर्डातल्या पहिल्या मृत्यूला आम्ही रडलो, पण तो प्रकार काय असतो हे आम्हाला समजावून सांगावं लागलं नाही.

त्या घरांची, त्या बायकांची मला फार आठवण येते. आणि तरीही त्या काळात परत जा असं कुणी म्हटलं तर मी जाणार नाही, कारण त्या काळाला दुखण्यावर उपाय ठाऊक नव्हता. मिश्री लावून लावून गालाचा कॅन्सर झालेल्या बायका आमच्याकडे यायच्या. गालाला आरपार भोक पडलेलं, जखमेला असा वास की घरच्यांनी खाट पडवीत नाहीतर गोठ्यात टाकलेली. वॉर्डात त्यांना कडेची खाट मिळायची. फोर्टविनचं इंजेक्शन दिलं की तीन-चार तास बाई शांत, आणि पुढचं इंजेक्शन लिहिलेलं असायचं आठ तासांनी. मधले तास ती कण्हायची. मॉर्फिन कुलपाच्या कपाटात असायचं, वहीत नोंद करून, सह्या करून मिळायचं आणि ते ऑपरेशनच्या रुग्णांसाठी असं सगळे धरून चालायचे. ‘सवय लागेल’ हे उत्तर मी किती वेळा ऐकलं असेल. जिचे दोन आठवडे उरलेत तिला कसली सवय लागणार, हा प्रश्न आमच्यापैकी कुणी मोठ्यानं विचारायचं नाही. १९८५चा अमली पदार्थांचा कायदा आला तेव्हा तर मॉर्फिन ठेवणंच रुग्णालयांना नकोसं झालं. इतके परवाने, इतकी खाती, आणि चूक झाली तर थेट तुरुंग. देशातला मॉर्फिनचा वैद्यकीय वापर पुढच्या दहा-बारा वर्षांत ९० टक्क्यांहून अधिक घसरला. आणि याच देशात, मध्य प्रदेश, राजस्थान, उत्तर प्रदेशच्या शेतांत कायदेशीर अफू पिकत होती, नीमच आणि गाझीपूरच्या कारखान्यांत जात होती, परदेशात औषधं बनवायला निर्यात होत होती.

मरणाऱ्या माणसाच्या दुखण्याकडे बघण्यात पुढे जो बदल आला, त्याची सुरुवात एका नर्सपासून झाली, याचा मला मनापासून आनंद वाटतो. सिसली सॉन्डर्स आधी नर्स होत्या, मग पाठीच्या दुखण्यामुळे नर्सिंग सोडून रुग्णालयातल्या समाजसेविका झाल्या, आणि मरणाऱ्या माणसांच्या वेदनेवर काम करायचं तर डॉक्टर व्हावं लागेल म्हणून पुन्हा शिकून डॉक्टर झाल्या. १९६७ मध्ये त्यांनी लंडनला सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस काढलं. अंगाचं दुखणं, मनाचं दुखणं, घरची काळजी आणि देवाशी चाललेलं भांडण हे सगळं मिळून एकच वेदना असते, ही त्यांची शिकवण. तिन्ही कामं केलेल्या बाईलाच हे सुचलं असणार. आपल्याकडे १९८६ मध्ये वांद्र्याला शांती आवेदना सदन सुरू झालं, देशातलं पहिलं हॉस्पिस, डॉ. एल. जे. डिसूझा यांनी काढलेलं. पुढे गोव्यातही त्यांची संस्था आली. १९९३ मध्ये कालिकतला डॉ. राजगोपाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पेन अँड पॅलिएटिव्ह केअर सोसायटी काढली. तिथून केरळात गावोगावचे रिक्षावाले, शिक्षक, गृहिणी प्रशिक्षण घेऊन शेजारच्या अंथरुणाला खिळलेल्या माणसाकडे जाऊ लागले. १९९७ मध्ये पुण्यात वारज्याला सिप्लाचं केंद्र सुरू झालं. त्याच्या नावातच प्रशिक्षण हा शब्द आहे आणि तिथं रुग्णाबरोबर घरच्या माणसालाही राहता येतं, शुश्रूषा शिकता येते.

पॅलिएटिव्ह केअर, म्हणजे उपशामक सेवा, हा शब्द माझ्या कानांवर आला तो नव्वदच्या दशकात, एका प्रशिक्षणात. शिकवणाऱ्या डॉक्टरांनी मॉर्फिनची छोटीशी गोळी हातात धरून दाखवली. इंजेक्शन नाही, साधी गोळी. ती दुखायला लागल्यावर द्यायची नाही. घड्याळ लावून, दर चार तासांनी, दुखणं परत यायच्या आधी द्यायची. रात्री झोपताना दुप्पट, म्हणजे माणसाला पहाटे उठवावं लागत नाही. आणि तिच्याबरोबर पोट साफ होण्याचं औषध त्याच चिठ्ठीवर, त्याच वेळी लिहायचं, विसरायचं नाही. धाप लागलेल्या माणसालाही तिचा थोडा डोस आराम देतो. मग त्यांनी वास येणाऱ्या जखमेचं सांगितलं. मेट्रोनिडाझोलच्या गोळ्या खलात बारीक कुटायच्या आणि ती पूड जखमेवर भुरभुरवायची. दोन-तीन दिवसांत वास उतरतो. अगदी स्वस्त गोळ्या, कुठल्याही दुकानात मिळणाऱ्या. मी लिहून घेत होते आणि मला ती कडेची खाट दिसत होती. वास गेला असता तर ती बाई पडवीतून माजघरात आली असती. नातवंडं जवळ बसली असती. त्या कुटलेल्या पुडीनं घराचं दार उघडतं, हे मी पुढे अनेक घरांत पाहिलं.

हे आजच्या मुलींना पहिल्याच दिवशी शिकायला मिळतं. दुखणं शून्य ते दहामध्ये किती, हे विचारायला त्या शिकतात. आकडा न समजणाऱ्या आजींना ‘रुपयातलं किती आणे दुखतंय’ असं विचारतात. बेडसोर होऊ नये म्हणून दर दोन तासांनी कूस बदलायची, घरात गादी नसेल तर पाण्याच्या पिशव्या कशा लावायच्या, शेवटच्या दिवसांत भूक-तहान आपोआप मंदावते आणि म्हणून जबरदस्तीनं भरवायचं नाही, श्वास मध्येच थांबून पुन्हा सुरू होतो त्याला घाबरायचं नाही, माणूस बोलत नसला तरी त्याला ऐकू येत असावं असं धरून त्याच्या उशाशी बोलायचं. त्या आयाच्या हातांत जे होतं ते आता पुस्तकात कारणांसह लिहिलेलं आहे. घरघर कुशीवर वळवल्यानं का कमी होते, सक्शनच्या नळीनं त्रासच जास्त का होतो, घरघरीवरचं बस्कोपानचं इंजेक्शन केव्हा द्यायचं.

एक गोष्ट मात्र आयालाही येत नव्हती आणि जुन्या घरांनाही येत नव्हती. खरं बोलणं. वर्गात आम्ही ते प्रसंग वठवून शिकवतो. एक मुलगी आशाताई होते, एक जण रुग्णाचा मुलगा होतो. मुलगा दारातच गाठून म्हणतो, ‘ताई, आईला कॅन्सर आहे हे बोलू नका हां. ती खचेल.’ पूर्वी यावर आम्ही ‘बरं’ म्हणायचो आणि आत जाऊन ‘काही नाही हो आजी, पोटात गाठ आहे साधी’ असं सांगायचो. आता मुली म्हणायला शिकतात, ‘दादा, तुम्हाला आईची किती काळजी आहे ते दिसतंय. मी आपणहून काही सांगणार नाही. पण त्यांनीच विचारलं तर खोटंही बोलणार नाही. आधी त्यांना काय वाटतंय ते विचारीन. चालेल?’ आणि मग आत जाऊन, आजींच्या नजरेच्या उंचीला खाली बसून, ‘आजी, तुम्हाला काय वाटतं, काय झालंय?’ खऱ्या घरांत या प्रश्नाला पुष्कळदा जे उत्तर येतं ते ऐकून पहिल्यांदा जाणाऱ्या मुली गलबलून जातात. आजी हळूच म्हणतात, ‘मला ठाऊक आहे गं. पोराला नको सांगूस, तो खचेल.’ महिनोन् महिने एकाच घरात दोघं एकमेकांपासून तेच लपवत असतात. ती कोंडी फोडायची तर घाई चालत नाही, आणि प्रशिक्षणातला सगळ्यात जास्त वेळ मी यावर देते.

वर्गाच्या सुरुवातीला मी विचारते, ‘घरात कुणाचं जाणं पाहिलंय?’ हात थोडेच वर होतात. या मुलींचे आजी-आजोबा आयसीयूत गेले, काचेच्या दरवाजापलीकडे. मॉनिटरवरच्या रेघा त्यांना आमच्यापेक्षा उत्तम वाचता येतात, पण गार पडत चाललेला पाय त्यांनी हातात धरलेला नसतो. म्हणून पहिल्या भेटीला मी त्यांना अनुभवी नर्सबरोबर पाठवते आणि सांगते, आज काही करू नका, नुसत्या शेजारी बसा.

डॉक्टरांच्या आणि कायद्याच्या बाजूनंही खूप झालं आहे. टाटा मेमोरियलमध्ये २०१२ मध्ये पॅलिएटिव्ह मेडिसिनची एमडी सुरू झाली. २०१९च्या नव्या अभ्यासक्रमात एमबीबीएसच्या मुलांना रुग्णाशी कसं बोलायचं याचा रीतसर धडा आहे. २०१४ मध्ये अमली पदार्थांच्या कायद्यात दुरुस्ती होऊन मॉर्फिनसह सहा औषधांची परवान्यांची गुंतागुंत कमी झाली. सर्वोच्च न्यायालयानं ९ मार्च २०१८च्या निकालात सन्मानानं मरण्याचा हक्क मान्य केला, आणि शेवटी व्हेंटिलेटर लावायचा की नाही हे माणूस आधीच लिहून ठेवू शकतो असं सांगितलं. २०२३च्या जानेवारीत ती प्रक्रिया सोपी केली, आता नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्यासमोर सही चालते. आयुष्मान भारतच्या आरोग्यवर्धिनी केंद्रांच्या कामात उपशामक सेवा आली आणि आशाताईंपर्यंत हा विषय पोचला. एखाद्या पाड्यावरची आशाताई आपल्या वहीत ‘अंथरुणाला खिळलेले’ असा रकाना करून नावं लिहिते, तेव्हा मला आमच्या काळच्या पडव्या आठवतात. तिथल्या बायकांचं नाव कुठल्याच वहीत नव्हतं.

पण रात्री तीन वाजता उशापाशी कोण असतं? आज पुण्या-मुंबईच्या, नाशिकच्या फ्लॅटमध्ये तिथं नर्सिंग ब्युरोतून आलेली मावशी असते. मराठवाड्यातून, कोकणातून, विदर्भातून शहरात आलेली, बारा-बारा तासांची पाळी करणारी. मुलगा अमेरिकेत, मुलगी बंगळूरला, दोघंही जिवापाड काळजी करणारी, रोज व्हिडिओ कॉल करणारी. आजोबांच्या श्वासाची लय बदलते तेव्हा खोलीत ती एकटी असते. माझ्या काळची आया ती हीच. फरक एवढाच की त्या आयामागं वॉर्ड होता, टेबलाशी सिस्टर होती, आणि त्याआधी आळी होती, आजेसासू होती. हिच्यामागं कुणी नाही. ब्युरोनं तिला बीपीचं मशीन लावायला, डायपर बदलायला, शुगर बघायला शिकवलेलं असतं, तेही दोन दिवसांत. मॉर्फिनच्या गोळीची वेळ का चुकवायची नाही, हे तिला कुणी सांगितलेलं नसतं, म्हणून ती भीतीपोटी ‘झोपलेत ना, राहू दे’ म्हणते. मग घरघर सुरू झाली की घाबरून अ‍ॅम्ब्युलन्सला फोन करते, आणि ‘मला घरीच ठेवा’ असं लिहून ठेवलेले आजोबा पहाटे आयसीयूत पोचतात. तिचा यात दोष नाही. एमडीपासून आशाताईपर्यंत आपण सगळ्यांसाठी अभ्यासक्रम केले, आणि शेवटच्या रात्री ज्या हातात हात असतो तो हात तेवढा राहून गेला.

गेल्या काही वर्षांत आम्ही काही जणी मिळून या मावशींना शिकवतो आहोत, बहुतेक रविवारी, एखाद्या वृद्धाश्रमाच्या जेवणघरात. त्या शिकतात फार लवकर, कारण प्रश्न त्यांच्या रात्रींमधून आलेले असतात. पाणी मागतात आणि गिळता येत नाही, तर काय करू? रात्री भिंतीकडे बघून गेलेल्या बायकोशी बोलतात, मी मध्ये बोलू का? मुसलमान आजीचं तोंड कुठल्या दिशेला करायचं? वसईच्या काकांनी फादरना बोलवा म्हटलं आणि मुलगा नको म्हणाला, मी कुणाचं ऐकू? गेल्यावर पहिला फोन कुणाला करायचा? या प्रत्येकाचं उत्तर आम्ही एका जाड कार्डावर, मोठ्या अक्षरात, मराठीत लिहून देतो. कार्डाच्या मागे तीन नंबरांसाठी जागा ठेवली आहे, नेहमीचे डॉक्टर, घरचं जबाबदार माणूस, आणि पॅलिएटिव्ह केअरची नर्स. काम सुरू केल्याच्या पहिल्याच दिवशी ते नंबर घरच्यांकडून लिहून घ्यायचे, हे आम्ही त्यांना चारचारदा सांगतो.

या वर्गाला येणाऱ्या मावशींची संख्या मात्र वाढत नाही आणि कारण साधं आहे. एक मावशी स्पष्टच बोलल्या, ‘बाई, शिकायचंय हो. पण आले की खाडा पडतो. ब्युरोवाले बदली देत नाहीत, घरचे पैसे कापतात.’ त्या दिवशी त्या रात्रपाळी करून, न झोपता आल्या होत्या. काही कुटुंबं आता मावशींचा तो दिवस भरून देतात आणि स्वतःही शेजारी येऊन बसतात, मुलगा, सून, कधी बारावीतली नात. ब्युरोंनी बदली मावशी देऊन हा दिवस पगारी धरावा म्हणून आम्ही त्यांच्याशी बोलतो आहोत. दोन जणांनी हो म्हटलं आहे. बाकीच्यांकडे पुन्हा जायचं आहे, आणि ज्यांच्या घरी आज मावशी आहेत त्यांनीही आपापल्या ब्युरोला हे विचारावं, म्हणजे आमच्या बोलण्याला जोर येईल.